अपंगांच्या सेवासंस्था आणि वैयक्तिक नोंदींची गोपनीयता : एक ऐतिहासिक आढावा

अपंग व्यक्तीला मदत करणारी संस्था लहान असो वा मोठी, तिचे काम एका कागदापासून सुरू होते. नाव, वय, पत्ता, अपंगत्वाचा प्रकार, ते जन्मतः आहे की नंतर आलेले, घरात कमावते कोण, लग्न झाले आहे काय, असे प्रश्न त्या कागदावर असतात. एरवी माणूस ज्या गोष्टी शेजाऱ्यालाही सांगत नाही, त्या अपंग व्यक्तीला श्रवणयंत्रासाठी, तीनचाकी सायकलीसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी अनोळखी कारकुनापुढे सांगाव्या लागतात. न सांगण्याचे स्वातंत्र्य तिला असते, परंतु त्याची किंमत मदत गमावणे ही असते. त्यामुळे अशा अर्जावरची सही किंवा अंगठा ही संपूर्ण अर्थाने संमती मानता येत नाही.

या कागदाचे पुढे काय होते, तो कोणाच्या कपाटात राहतो, कोण वाचतो आणि किती वर्षांनी नष्ट होतो, हा प्रश्न संगणकाच्या काळात निर्माण झाला असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्षात तो किमान दीडशे वर्षे जुना आहे. प्रस्तुत निबंधात केस पेपरची पद्धत, हिंदुस्थानातील शिरगणती, कुष्ठाश्रम आणि नाझी राजवटीतील जर्मन सेवासंस्था यांच्या आधारे त्याचा मागोवा घेतला आहे. दयेपोटी तयार झालेली नोंद आणि सत्तेच्या हातातील यादी यांत अंतर फार थोडे असते, आणि ते अंतर राखण्याची जबाबदारी नोंद घेणाऱ्यावर असते, असे या इतिहासातून दिसून येते.

केस पेपरचा उगम

दानधर्म प्राचीन आहे, पण दान घेणाऱ्याची फाईल ठेवण्याची पद्धत अर्वाचीन आहे. १८६९ साली लंडनमध्ये ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली. एकच गरजू अनेक ठिकाणी मदत घेतो आणि खरा गरजू उपाशी राहतो, असे तिच्या संस्थापकांचे मत होते. म्हणून अर्जदाराच्या घरी जाऊन चौकशी करावी, ती लिहून ठेवावी आणि इतर संस्थांना कळवावी, अशी रीत तिने घालून दिली. अमेरिकेत हीच पद्धत ‘केसवर्क’ म्हणून विकसित झाली. मेरी रिचमंड यांनी १९१७ साली ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथात तिला शास्त्राचे रूप दिले.

हिंदुस्थानात ही परंपरा रुजली त्यात मुंबईच्या नागपाडा भागाचा वाटा आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्यांनी तेथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ हे सेवाकेंद्र चालवले, आणि १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले संचालक तेच होते. देशात समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाची सुरुवात येथून झाली असे मानले जाते.

या पद्धतीचा उद्देश चांगला होता हे नाकारता येत नाही. चौकशीमुळे मदत योग्य जागी पोहोचते. परंतु त्याबरोबर एक नवे नातेही निर्माण झाले. पूर्वी देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये फक्त हात होता, आता कागद आला. देणाऱ्याला घेणाऱ्याविषयी सर्व काही माहीत असे, पण घेणाऱ्याला आपल्या फाईलमध्ये काय लिहिले आहे हे माहीत नसे.

शिरगणतीतील रकाना

त्याच सुमारास सरकारनेही अपंगांची मोजणी सुरू केली. १८७२ च्या पहिल्या शिरगणतीपासून १९३१ पर्यंत प्रत्येक वेळी ‘व्यंग’ विचारणारा रकाना ठेवलेला आढळतो. १८८१ च्या गणनेत त्यात वेडे, जन्मतः मुके-बहिरे, दोन्ही डोळ्यांनी अंध आणि कुष्ठरोगी असे चार वर्ग होते. गणना करणारा माणूस बहुधा गावातलाच असे. कुलकर्णी, शाळामास्तर किंवा वाचता-लिहिता येणारा एखादा ओळखीचा गृहस्थ दारात उभा राहून प्रश्न विचारी आणि आजूबाजूचे लोक ऐकत असत. घरात मुकी मुलगी आहे किंवा आईच्या अंगावर चट्टे आहेत, हे अशा वेळी कोण सांगणार ? कुष्ठरोग, विशेषतः स्त्रियांचा, लपवला जातो अशी तक्रार गणनेच्या अधिकाऱ्यांनीच आपल्या अहवालांतून केली आहे. हे आकडे विश्वसनीय नाहीत असे मत बळावत गेले आणि १९४१ साली हा रकाना गाळण्यात आला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली जनगणना अधिनियम झाला. त्याच्या कलम १५ नुसार गणनेतील व्यक्तिगत नोंदी पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ही तरतूद महत्त्वाची आहे. माणूस खरे तेव्हाच सांगेल, जेव्हा त्याने सांगितलेले त्याच्याविरुद्ध वापरले जाणार नाही, हे तत्त्व कायद्याने येथे मान्य केले. मात्र सेवासंस्थांच्या नोंदवह्यांना असे कोणतेही कवच मिळाले नाही.

पुढे तीन गणनांत अपंगांचा रकाना नव्हता. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष असल्याने त्या वेळी तो परत आला. पूर्ण अंध, पूर्ण पंगू आणि पूर्ण मुके एवढेच विचारले गेले आणि सुमारे ११ लाख व्यक्तींची नोंद झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीने व्याख्या व्यापक करून विचारले, तेव्हा हा अंदाज सुमारे १ कोटी २० लाख इतका निघाला. १९९१ साली पुन्हा रकाना नाही. २००१ मध्ये पाच प्रकारांखाली २ कोटी १९ लाख आणि २०११ मध्ये आठ प्रकारांखाली २ कोटी ६८ लाख अशी नोंद झाली. आकड्यांतील या तफावतीला व्याख्या कारणीभूत आहे, तसेच लोकांची भीतीही. नोंद न होण्याचे नुकसानही मोठे असते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी शाळा नाही, निधी नाही आणि आरक्षणही नाही. तेव्हा नोंदच नको असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही.

कुष्ठाश्रमाचे रजिस्टर

शिरगणतीत माणूस लपू शकत होता, आश्रमात मात्र लपता येत नव्हते. हिंदुस्थानातील कुष्ठाश्रमांपैकी पुष्कळसे धर्मादाय संस्थांनी चालवले. वेलस्ली बेली यांनी १८७४ साली स्थापन केलेली ‘मिशन टु लेपर्स’ ही त्यांतील प्रमुख होय. मुंबईत महापालिका आयुक्त अॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्याचे कुष्ठालय निघाले. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा मराठवाडाही होता, निजामाबादजवळ डिचपल्ली येथे १९१५ च्या सुमारास मेथडिस्ट मिशनने रुग्णालय उभारले. डॉ. इसाबेल कर यांच्या तेथील कामामुळे ते नावारूपास आले. घरच्यांनी टाकलेल्या माणसांना या ठिकाणी अन्न, औषध आणि छप्पर मिळाले. हे ऋण मान्यच करावे लागेल.

परंतु १८९८ च्या ‘लेपर्स अॅक्ट’ने या दयेला पोलिसांची जोड दिली. अधिसूचित भागात भीक मागणाऱ्या किंवा निराधार कुष्ठरोग्याला वॉरंटाशिवाय पकडता येई. निरीक्षकाने प्रमाणपत्र दिले की दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने त्याची रवानगी आश्रमात होई. परवानगीशिवाय आश्रम सोडणाऱ्याला पुन्हा पकडून आणता येई. अन्नपदार्थ तयार करणे, सार्वजनिक विहिरीवर धुणे किंवा भाड्याची गाडी हाकणे यांसारख्या कामांना कुष्ठरोग्यांस मनाई करण्याचा अधिकारही सरकारला होता. अशा व्यवस्थेत आश्रमाचा हजेरीपट हा केवळ हजेरीपट राहत नाही. सेवेसाठी लिहिलेले नाव कोठडीच्या कामी येऊ शकते.

त्याशिवाय देणगीदारांचा प्रश्न होता. दूरदेशीच्या देणगीदाराला आपला पैसा कोठे गेला हे पाहायचे असे. त्यामुळे मिशनच्या मासिकांतून आणि वार्षिक अहवालांतून रुग्णांची छायाचित्रे व जीवनकथा छापल्या जात. उपचारापूर्वीचा चेहरा आणि उपचारानंतरचा चेहरा शेजारी शेजारी ठेवले जात. ते छापण्यास रुग्णाने होकार दिला होता की नाही, असा प्रश्न त्या काळी कोणाला पडत नसे.

नोंदीचे परिणाम घरातही पोहोचत. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमात पतीचा कुष्ठरोग हे पत्नीला विवाहविच्छेद मागण्याचे एक कारण होते. हिंदू, ख्रिस्ती आणि विशेष विवाहाच्या कायद्यांतही अशीच तरतूद होती. १९३९ साली या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरीही कायद्याच्या पुस्तकातून ही कारणे काढण्यास २०१९ चा वैयक्तिक कायदे (सुधारणा) अधिनियम यावा लागला. १८९८ चा कायदा केंद्राने २०१६ मध्ये रद्द केला. दरम्यान २००८ साली ओडिशातील एका निवडून आलेल्या नगरपालिका सदस्याची कुष्ठरोगाच्या कारणावरून झालेली अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली होती. रोग बरा झाला तरी नोंद बरी होत नाही, हेच या उदाहरणांवरून दिसते. जुना केस पेपर संसारात, निवडणुकीत किंवा नोकरीत केव्हाही वर येऊ शकत होता.

जर्मनीतील एक पानी प्रपत्र

हिंदुस्थानात नोंदीमुळे माणसाचे स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा गेली. जर्मनीत नोंदीमुळे प्राण गेले. म्हणून सेवासंस्था आणि वैयक्तिक माहिती या विषयाचा कोणताही अभ्यास हे प्रकरण टाळून पुढे जाऊ शकत नाही.

जर्मनीत अपंग, अपस्मारी आणि मनोरुग्णांच्या सेवेची मोठी परंपरा होती. प्रोटेस्टंट पंथीयांची ‘इनर मिशन’ आणि कॅथलिकांची ‘कारितास’ या संघटनांशी शेकडो आश्रम संलग्न होते. प्रत्येक आश्रमात वर्षानुवर्षांच्या फाईली नीट लावून ठेवलेल्या होत्या. १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने आनुवंशिक रोग असलेल्या संततीस प्रतिबंध करणारा कायदा केला. आनुवंशिक अंधत्व, बहिरेपणा, अपस्मार, मतिमंदत्व इत्यादी नऊ स्थिती त्यात नमूद होत्या. अशा व्यक्तींची माहिती कळवणे डॉक्टरांवर आणि संस्थाचालकांवर बंधनकारक झाले. मूकबधिर शाळांतील काही शिक्षकांनीही आपल्याच विद्यार्थ्यांची नावे दिली. १९४५ पर्यंत सुमारे ४ लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली, असा अंदाज आहे. विद्यार्थ्याला शिकवता यावे म्हणून शाळेने जे जाणून घेतले होते, तेच त्याच्याविरुद्धचे साधन ठरले.

९ ऑक्टोबर १९३९ रोजी गृहखात्याने संस्थांना एक परिपत्रक धाडले. सोबत एक पानी प्रपत्र होते. रुग्णाचे नाव, जन्मतारीख, वंश, रोगनिदान, संस्थेत किती वर्षे आहे, भेटायला कोणी नातेवाईक येतात काय आणि तो कोणते काम करू शकतो, एवढेच प्रश्न होते. कारण नियोजनाचे सांगितले होते. भरलेली प्रपत्रे बर्लिनला जात. तेथून त्यांच्या प्रती तज्ज्ञ डॉक्टरांकडे जात आणि ते रुग्णाला न पाहता कोपऱ्यात खूण करत. लाल अधिक चिन्ह म्हणजे मृत्यू, निळे वजा चिन्ह म्हणजे जीवन. टियरगार्टनस्ट्रासे ४ या पत्त्यावरून ‘टी-४’ नाव पडलेल्या या मोहिमेत ऑगस्ट १९४१ पर्यंत सहा केंद्रांत ७०,२७३ व्यक्तींना विषारी वायूने मारण्यात आले, असे मोहिमेच्याच हिशोबात नमूद आहे.

या प्रकरणातील तीन बाबी सेवासंस्थांच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहेत. पहिली, या मोहिमेने आपली ओळख लपवण्यासाठी धर्मादाय नावे घेतली. कर्मचाऱ्यांची नेमणूक करणाऱ्या आडोशाच्या संस्थेचे नाव ‘संस्थात्मक शुश्रूषेसाठी सार्वजनिक हिताचे प्रतिष्ठान’ असे होते आणि रुग्णांना नेणाऱ्या बसगाड्याही ‘सार्वजनिक हिताच्या रुग्णवाहतूक कंपनी’च्या होत्या. केवळ लेटरहेडवरून मागणाऱ्याचा हेतू कळत नाही, हा त्याचा अर्थ.

दुसरी बाब अधिक क्लेशदायक आहे. काही संस्थाप्रमुखांना वाटले की युद्धाच्या कामासाठी माणसे नेण्याकरिता ही माहिती मागितली आहे. आपल्या शेतावर आणि स्वयंपाकघरात राबणारी कामसू माणसे जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्यांची काम करण्याची क्षमता मुद्दाम कमी लिहिली. प्रत्यक्षात काम करण्याची क्षमता हाच निवडीचा एक मुख्य निकष होता. माणूस वाचवण्यासाठी लिहिलेल्या ओळीने माणूस गेला. माहिती कशासाठी हवी आहे हे ठाऊक नसताना ती देणे, अगदी सद्‌हेतूने देणेही, किती घातक ठरते याचे याहून स्पष्ट उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

तिसरी बाब नकाराची आहे. लोबेटाल येथील आश्रमांचे प्रमुख पास्टर पाउल ब्राउने यांनी माहिती गोळा करून जुलै १९४० मध्ये सरकारला सविस्तर निवेदन दिले. ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. बिलेफेल्डजवळील बेथेल या प्रसिद्ध संस्थेचे प्रमुख फ्रिड्रिख फॉन बोडेलश्विंग यांनी प्रपत्रे भरण्यास नकार दिला. फेब्रुवारी १९४१ मध्ये बर्लिनहून डॉक्टरांचे पथक बेथेलला आले आणि त्यांनी संस्थेत बसून स्वतःच प्रपत्रे भरली. तथापि नकारामुळे वेळ मिळाला आणि बेथेलचे बहुसंख्य रुग्ण वाचले. सप्टेंबर १९४० मध्ये मात्र बेथेलचे ज्यू रुग्ण सरकारी हुकमाने हलवण्यात आले आणि त्यांना ठार मारण्यात आले. या रुग्णांसाठी संस्थेचे कवच पुरे पडले नाही. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी प्रवचनातून या हत्यांचा उघड निषेध केला. त्याच महिन्यात वायूकेंद्रांचे काम थांबवण्याचा हुकूम निघाला, जरी उपासमारीने आणि औषधांच्या मात्रेने हत्या पुढेही चालू राहिल्या.

कायद्याने दिलेले उत्तर

युद्धानंतर काही दशकांनी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जगातील पहिला कायदा जर्मनीतीलच हेसन राज्याने १९७० साली केला. १५ डिसेंबर १९८३ रोजी तेथील घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात निकाल दिला की आपल्याविषयीची माहिती कोणाला व कोठवर द्यायची हे ठरवणे हा व्यक्तीचा मूलभूत हक्क आहे. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमनात आरोग्यविषयक माहिती विशेष वर्गात घातली असून तिच्या वापरावर अधिक कडक अटी आहेत. धर्मादाय संस्थांनाही त्या लागू आहेत.

भारतात हा प्रवास उशिरा सुरू झाला. २०११ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली झालेल्या नियमांत वैद्यकीय नोंदींना संवेदनशील माहिती म्हटले गेले. परंतु ते नियम व्यापारी किंवा व्यावसायिक काम करणाऱ्या आस्थापनांपुरते होते. सेवासंस्था बहुतांशी बाहेरच राहिल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोरुग्णाला गोपनीयतेचा आणि आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आणि त्याच्या संमतीशिवाय छायाचित्र वा माहिती प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई केली.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले, टप्प्याटप्प्याने लागू होणारे त्याचे नियम हा या प्रवासाचा पुढचा टप्पा होय. तथापि त्यात दोन उणिवा दिसतात. आरोग्य किंवा अपंगत्वाची माहिती अधिक संवेदनशील आहे असा वेगळा वर्ग या अधिनियमात नाही. तसेच तो संगणकीय माहितीला आणि कागदावरून संगणकात उतरवलेल्या माहितीला लागू होतो. निव्वळ कागदी रजिस्टर त्याच्या कक्षेत येत नाही. अनेक लहान संस्थांचा कारभार आजही कागदी रजिस्टरावरच चालतो. शिवाय कायदेशीर पालक असलेल्या अपंग व्यक्तीच्या बाबतीत संमती पालकाची घ्यावी, असे कलम ९ म्हणते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम मात्र पालक आणि व्यक्ती यांनी मिळून निर्णय घेण्याची मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडतो. या दोन कायद्यांच्या दृष्टीतील अंतर कसे मिटवायचे हा खुला प्रश्न आहे.

समारोप

वरील आढाव्यातून सेवासंस्थांसाठी काही गोष्टी स्पष्ट होतात. कामाला आवश्यक तेवढेच विचारावे, कारण जे लिहिलेच नाही ते दुसऱ्याच्या हाती पडत नाही. श्रवणयंत्र देताना वैवाहिक स्थिती विचारण्याचे कारण सांगता येत नसेल, तर तो रकाना काढावा. माहिती कशासाठी हवी आणि कोण पाहणार हे अर्जदाराला त्याच्या भाषेत, आणि अंध व्यक्तीला वाचून, मूकबधिर व्यक्तीला खुणांच्या भाषेत सांगावे. आपली फाईल पाहण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याला द्यावा. बाहेरून कोणी यादी मागितली, तर कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या कामासाठी, हे लेखी विचारावे. तीनचाकी सायकल वाटपाचे छायाचित्र वर्तमानपत्रात देण्यापूर्वी ती घेणाऱ्याला विचारावे, आणि नको म्हणण्याने मदत थांबणार नाही, हेही त्याला आधी सांगावे. मदतीचे काम संपल्यावर नोंदी किती वर्षे ठेवायच्या याचा निर्णय आधीच झालेला असावा. आधार कार्डाच्या आणि अपंगत्वाच्या दाखल्याच्या झेरॉक्स प्रती अनेक कार्यालयांत कुलूप नसलेल्या कपाटात वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांची मोजदाद करणे ही याची पहिली पायरी ठरू शकेल.

यांतील बहुतेक गोष्टींना कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही आणि फारसा खर्चही नाही. वसतिगृहे, शाळा आणि शिष्यवृत्ती निधी चालवणाऱ्या शिक्षणसंस्थांनाही हेच लागू पडते, कारण सवलतीसाठी आलेला अपंगत्वाचा दाखला त्यांच्याही दप्तरी असतो.

भाषेने या बाबतीत एक चांगला शब्द हाताशी ठेवला आहे. अरबी-फारसीतून आलेला ‘अमानत’ हा शब्द मराठीत ‘अनामत’ झाला आणि बँकेच्या व वाचनालयाच्या पावतीवर स्थिरावला. अर्थ दोन्हीकडे एकच आहे : दुसऱ्याची वस्तू, विश्वासाने ठेवलेली, मागताच परत करायची. ग्रंथालयाचे शंभर रुपये अनामत म्हणून सांभाळले जातात, त्यांची पावती दिली जाते, हिशोब ठेवला जातो. माणसाने आपल्या शरीराविषयी आणि घराविषयी विश्वासाने सांगितलेली गोष्ट संस्थेच्या मालकीची होत नाही. तीही अनामतच असते, आणि तिचा हिशोब त्याहून काटेकोरपणे ठेवला गेला पाहिजे.